माणिकमामांची पांढरी गाडी

माणिकमामा सकाळी गोदामात शिरले की आधी दिवा लावत नसत. शटर उघडून आत जात, ते आतून खाली ओढून घेत आणि अंधारात उभे राहत. बाहेर हमाल तंबाखू मळत थांबलेले, मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी, आणि आत मामा. थोड्या वेळाने आतून आवाज येई, "ताई, काट्याकडच्या कोपऱ्यात उजेड दिसून राहिला." मग शटर वर जाई आणि दिवसाचं काम सुरू होई.

उजेड दिसला म्हणजे पत्र्याला किंवा भिंतीला भोक आहे. भोक आहे म्हणजे पाणी नाही तर उंदीर, आज ना उद्या आत येणार. हळदीला दोन्ही चालत नाहीत. म्हणून मामा काचेचा चुरा आणि सिमेंट कालवून ते भोक त्याच दिवशी बुजवत. उद्यावर ठेवत नसत.

आता त्यांच्या जागी आलेला माणूस बाहेरूनच बटण दाबतो आणि मग आत जातो. काम तोही नीट करतो, तक्रार नाही. पण परवा त्याने बटण दाबलं आणि मी उगाच शटरकडे बघत उभी राहिले, आवाजाची वाट बघत. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आमचं हळदीचं गोदाम वसमतच्या बाहेर, नांदेड रस्त्याला. मी तिथे ऑफिस सांभाळते. आवक, जावक, किल्ल्या, विम्याचे कागद, हमालांच्या सुट्ट्या, सगळ्याच्या याद्या मी करते आणि दाराच्या मागे लावते. मामांना त्याची गंमत वाटे. "ताई, एखाद्या नंबरवर देवाला बी बसवा. त्याचं काम कवा व्हायचं ते तरी कळंल," म्हणत. मामा गोदाम सांभाळत. आम्ही दोघेही जवळा बाजारचे, एकाच गल्लीतले. त्यामुळे जाणं-येणं त्यांच्या पांढऱ्या गाडीतून होई. मी, मामा आणि काट्यावर वजन करणारे इस्माईलभाई.

मामा दिसायला किरकोळ होते. मे महिन्यातही कानाला मफलर. कानात वारं जाऊ नये म्हणून. डब्याचं झाकण घट्ट बसणारं असलं तरी त्यावर रुमालाची गाठ. मोबाइलला चार्जरची पिन घालायची जी जागा असते, तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा, हळदीची धूळ जाऊ नये म्हणून. कोणी हसलं तर म्हणत, "हसा. तुमचा मोबाइल किती वेळा दुकानात गेला आन् माझा किती वेळा, तेवढं सांगा."

मी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आले होते. सगळे पाहुणे स्वयंपाकघर बघत होते, ओट्याचा दगड कुठून आणला ते विचारत होते. मामा न्हाणीघरात जाऊन बसले. आम्हाला वाटलं पोट बिघडलं असेल. बाहेर आले आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीचा एक गोल तुकडा घेऊन दारात हजर. मोरीच्या तोंडावर बसवला, हाताने दाबून बघितला, चहा घेतला आणि गेले. ती जाळी अजून आहे. आहेराची बाकीची भांडी कुठे आहेत ते मला यादी बघून सांगावं लागेल.

घरचं मात्र ते काही बोलत नसत. मामींच्या किडन्या गेल्याचं मला त्यांच्याकडून कळलं नाही. त्यांनी शेठकडे आठवड्यातल्या दोन दिवसांची अर्धी सुट्टी मागितली आणि कारण लिहायच्या जागी 'नांदेड' एवढंच लिहिलं. कागद माझ्याकडे आला. मी संध्याकाळी घरी गेले तेव्हा मामींनी सांगितलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, नांदेडला.

त्या दोन दिवशी मग असं ठरलं. सकाळी लवकर मामा-मामी निघणार, मला वाटेत वसमतला सोडणार, पुढे नांदेड. गोदाम मी उघडणार. इस्माईलभाई त्या दिवशी एसटीने येत, कारण मामींना पुढची सीट पूर्ण मागे पाडून लागे. मी ड्रायव्हरच्या मागे बसायची आणि माझ्या शेजारी मामींचं डोकं.

मुलगा पुण्याला. तो फोनवर म्हणे, आई, एखादी चांगली भाड्याची गाडी लावून घ्या, नाही तर ॲम्ब्युलन्स सांगा. मामी ऐकत नसत. परत येताना त्यांना उलट्या होत. एकदा गाडी दुरुस्तीला होती म्हणून भाड्याच्या गाडीतून गेल्या होत्या. ड्रायव्हर पोरगं चांगलं होतं, काही बोललं नाही. फक्त आरशातून बघत राहिलं. मामींनी घरी येऊन सांगितलं, "परक्याच्या गाडीत मला ओकायची लाज वाटते. ह्या गाडीत न्यायचं असंल तर येते. न्हाई तर नका नेऊ."

मामींचं हे बोलणं तोंडदेखलं नव्हतं. त्यामुळे ती पांढरी गाडी चालत राहणं ही त्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट झाली.

गाडी मामांनी जुनीच घेतली होती. पहिला मालक कोण, ती कुठे कुठे फिरली, ते मामांनाही धड माहीत नव्हतं. पण त्यांनी तिला गोदामासारखी ठेवली. बसण्याआधी चपला एकमेकींवर आपटायच्या. पायाखाली धुतलेलं पोतं. मामींच्या सीटवर तागाच्या पोत्यात कापूस भरून केलेली गादी, पाठीच्या नेमक्या जागी जाड आणि मानेजवळ पातळ. ती त्यांनी स्वतः दाभणाने शिवली होती.

मग एका हिवाळ्यात गाडीत उंदीर शिरला. नांदेडहून येताना, मामी आत निजलेल्या, आणि गाडी रस्त्यात बंद पडली. उंदराने वायर खाल्ली होती. गाडी ओढून आणायला माणूस येईपर्यंत मामी तशाच पडून होत्या, उलटीची पिशवी हातात धरून. मामा कोणावर रागावले नाहीत. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी गाडीखाली पोतं अंथरलं, त्यावर उताणे झोपले आणि हातात बॅटरी घेऊन गाडीचं भोक न् भोक शोधलं. दारांच्या खालच्या कडेला असतात ती, दाराखालच्या पोकळ पट्टीला असतात ती, फरशीला असतात ती. दगडासारखी घट्ट होणारी पुट्टी मळून सगळी बुजवली. ओल्या अंगठ्याने गुळगुळीत केली. वर पांढरा रंग मारला.

सोमवारी आम्हाला वाकून बघायला लावलं. कुठे भोक होतं ते ओळखू येत नव्हतं. मामा म्हणाले, "आता धूळ न्हाई, पाणी न्हाई, उंदीर न्हाई." इस्माईलभाईंनी विचारलं, "आणि आम्ही?" मामा म्हणाले, "तुमी चपला झटकून या."

पावसाळा गेला, दुसरा आला. त्या पावसाळ्यात औंढ्याच्या फाट्यावर गाडी वळली की डावीकडून आवाज येऊ लागला. चुळ्ळ. सरळ झाली की पुन्हा चुळ्ळ. इस्माईलभाई मागे बसलेले. ते म्हणाले, "मामा, घागर भरके ले जा रहे क्या? रस्त्यात कोणाला पाणी पाजायचंय?" मामांनी रेडिओ लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी काचांच्या रबराच्या कडेनेही पुट्टी भरली होती. पाणी वरून येतंय, तर वरून बंद करायचं, असं त्यांचं म्हणणं. आवाज गेला नाही. रेडिओचा आवाज वाढला.

गाडीच्या अंगाला फोड यायला लागले. रंगाखाली फुगवटा, पुरीसारखा. मामा नख लावत नसत आणि कोणाला लावूही देत नसत.

मग तो दिवस. डायलिसिसचाच. जवळा बाजार सोडून थोडं पुढे आलो आणि मागचं डावं चाक बसलं. पंक्चर. मामांनी स्टेपनी काढली, मामींच्या दाराच्या मागे, खालच्या पट्टीला जॅक लावला आणि फिरवायला लागले. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. जॅक वर गेला. गाडी तिथेच राहिली. करकर असा आवाज झाला आणि पट्टीतून तपकिरी पापुद्रे खाली पडायला लागले, हातात घेतले तर चुरा होत होते. त्यांच्या मागोमाग चहाच्या रंगाचं पाणी आलं. मामा गुडघ्यावर बसून त्या पाण्याकडे बघत राहिले. पाणी थांबलं. जॅक पत्र्याच्या आत गेलेला होता.

शेजारच्या वावरात सोयाबीन काढायला बायका-माणसं लागलेली होती. मी हाक मारली. ती आली. मामी उतरू शकत नव्हत्या, त्यामुळे त्यांच्यासकट गाडी उचलायची ठरली. मामी आतून म्हणाल्या, "बायांनो, माझ्यात वजन उरलं न्हाई, घाबरू नका." एक म्हातारी म्हणाली, "व्हय माय, गाडीतच जास्त दिसून राहिलं." सगळ्यांनी मागून धरलं आणि उचललं, मामांनी चाक बदललं. नांदेडला उशीर झाला, पण डायलिसिस झालं.

दुसऱ्या दिवशी वसमतला डेंटिंगवाल्याकडे गाडी नेली. ऑफिसच्या कामासाठी मला बँकेत जायचं होतं, म्हणून मी सोबत होते. मिस्त्री बोलका माणूस. गाडीभोवती फिरला, जिथे तिथे पेचकस टोचत गेला. बहुतेक ठिकाणी पेचकस आत गेला. "काका, ही गाडी पत्र्यावर न्हाई, रंगावर उभी आहे," म्हणाला. मग खाली वाकून पट्टीच्या खालून अंगठा फिरवला आणि थांबला. "ही भोकं कंपनीनं दिलेली असतात. काचेवरून दारात पाणी उतरतंच, ते ह्यातून बाहेर जातं. कुण्या शहाण्यानं बुजवली?"

मामा म्हणाले, "पहिल्या मालकानं बुजवली असतील."

मी पर्समधले बँकेचे कागद नीट लावत होते. लावत राहिले.

मिस्त्रीचं म्हणणं, गाडी भंगारात द्या. वेल्डिंग करायला चांगला पत्रा लागतो, इथे टाका धरायला जागाच नाही. मामांनी त्याला विचारलं, भोकं उघडली तर? तो हसला. "आता नका उघडू. आता तर पुट्टीनंच गाडीला धरलंय."

पण मामा हटले नाहीत. इतकंच करा, म्हणाले, की ही सीट खाली जायला नको. शेवटी मिस्त्रीने बाहेरून पट्ट्या मारल्या. आणि सीटखाली मामांनी गोदामातली एक जाड फळी बसवली. पोत्यांच्या थप्पीखाली असते ती, जमिनीची ओल वर चढू नये म्हणून घालायची. फळीला बोल्ट मारले आणि त्यावर सीट. वर्षानुवर्षं हळदीखाली राहून ती फळी पिवळी झाली होती. मामी म्हणाल्या, "आता मला बी भाव येईल."

त्यानंतर मामा गाडी हळू चालवू लागले. खड्डा दुरून दिसला की आधीच जवळजवळ थांबत. मागून ट्रक हॉर्न वाजवत. रोज सकाळी निघताना ते डावीकडे येऊन सीट दोन्ही हातांनी हलवून बघत आणि म्हणत, "बराबर आहे." मला उद्देशून नाही, मामींना उद्देशूनही नाही. गोदामात थप्पी लावून झाली की म्हणत, तसंच.

एकदा नांदेडला जाताना हवा भरायला थांबलो. मामा हवेच्या दुकानात गेले. मामी माझ्याशी बोलत होत्या, माझ्या मुलीच्या कॉलेजचं काही. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, एक गंमत दाखवू?" पायाच्या बोटाने त्यांनी पोत्याची कड उचलली. खाली फरशीत तळहाताएवढं भोक होतं. कडा पानासारख्या कुरतडलेल्या. त्यातून जमीन दिसत होती, एक बाटलीचं झाकण आणि थोडं गवत.

"गाडी चालली की ह्यातून रस्ता पळतो," त्या म्हणाल्या. "पडून पडून वरचं आभाळच बघावं लागतं. हे बरं वाटतं."

मी म्हणाले की मामांना सांगायला हवं.

"काहून? लगेच बुजवत बसतील. न्हाई बुजवलं तर गाडी बंद करतील. मग मला कोणाच्या गाडीत घालतील?" त्यांनी पोतं सारखं केलं आणि त्यावर पाय ठेवला. "मी धरून आहे ना."

मामा आले. "चला," म्हणाले. निघालो. मी मामांना काही सांगितलं नाही, आणि मिस्त्री काय म्हणाला ते मामींनाही सांगितलं नाही. त्या गाडीत तीन माणसं होती आणि प्रत्येकाकडे काहीतरी झाकलेलं होतं. मी मागे बसून वसमतला उतरायची. मग गोदाम उघडायची आणि दिवा लावून आत जायची, कारण अंधारात उभं राहायचं मला जमत नसे.

पुढच्या पावसाळ्यात एकदा वाटेत पाणी साचलेलं होतं. मी खाली बघितलं. पोतं कोरडं होतं. मामींनी डोळे मिटलेले होते.

मामी थंडीत गेल्या. दवाखान्यात, मशीनवर असताना. त्या दिवशी गाडीने काही त्रास दिला नव्हता. वेळेवर पोचले होते. दवाखान्याने आपली गाडी दिली, तोच तिथला नियम होता, आणि मामींना शेवटी परक्याच्याच गाडीतून घरी आणलं. मामा मागून पांढरी गाडी चालवत आले. इस्माईलभाई आणि मी गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. आधी दवाखान्याची गाडी गेली, मग मामा. शेजारची सीट पूर्ण मागे पाडलेली होती. एका खड्ड्यापाशी, जिथे ते नेहमी थांबत, तिथे ते थांबले. मग पुढे आले.

तेरावा झाल्यावर मामा कामावर आले. गाडी गोदामाच्या मागे, कुंपणाशी लावली आणि तिथेच राहिली. एसटीने येत, एसटीने जात. सकाळचं अंधारात उभं राहणं चालू होतं. कधी कधी आतून बराच वेळ आवाज येत नसे. हमाल माझ्याकडे बघत. मी घड्याळाकडे बघत असे. मग मामा शटर वर करत आणि म्हणत, "न्हाई. कुठंच न्हाई." मफलर, डब्यावरची गाठ, मोबाइलची चिकटपट्टी, सगळं होतं तसंच.

उन्हाळ्यात त्यांनी राजीनामा दिला. मुलगा पुण्याला घेऊन जाणार होता. मी करायच्या कामांची यादी केली: किल्ल्या परत, फंडाचे कागद, निरोपाचा नारळ, शाल, नव्या माणसाला गोदाम दाखवणे. शेवटी लिहिलं, गाडी. मामा म्हणाले, भंगारवाला दुपारी येणार आहे.

त्या दुपारी मी आवकेच्या पावत्या घेऊन मागच्या बाजूला गेले. मामा गाडीखाली होते. पोतं अंथरलेलं, त्यावर उताणे, फक्त पाय बाहेर. हातात पेचकस आणि छोटी हातोडी. पुट्टीचे खडे एकेक करून उचकटत होते. एक निघाला की आतून पाणी येई, कधी धार, कधी नुसते थेंब, कधी नुसतीच लाल भुकटी. ते थांबत, पाणी संपू देत, मग पुढच्या भोकाकडे सरकत. पट्टी झाली, दारं झाली. कुंपणापासून जमीन ओली तपकिरी झाली होती. मला बघून ते बाहेर आले, उठून बसले. मफलरवर गंजाचा चुरा.

"घेऊन जाणाऱ्याला काय करायचंय ह्याचं," मी म्हणाले.

"व्हय," मामा म्हणाले. "त्याला काय करायचंय."

मग त्यांनी डावीकडचं दार उघडलं. फरशीची भोकं राहिली होती. मामींच्या पायाखालचं पोतं त्यांनी उचललं.

त्या भोकात एक बोळा बसवलेला होता. हिरव्या लुगड्याच्या काठाचा, घट्ट गुंडाळलेला, टोकं आत दुमडून कडेने दाबलेली. मामांनी हात लावला नाही. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "मामींनीच बसवला होता."

"कवापासून?"

"मागच्या पावसाळ्यापासून. भोक त्याच्या आधीचं."

मामांनी पेचकस खाली ठेवला. अंगठ्याने बोळ्याची कड चारी बाजूंनी दाबून बघितली. कुठेही हलली नाही. बाहेर काट्यावर ट्रक येऊन उभा राहिला होता आणि इस्माईलभाई मला हाका मारत होते.

"बराबर बसवलाय," मामा म्हणाले.

मग त्यांनी पोतं झटकलं, त्यावर परत अंथरलं, कडा सारख्या केल्या आणि दार हळूच लावलं.